कापूर, विमानाचे पंख आणि कबड्डीची जर्सी

मुरुड म्हटले की बहुतेकांना जंजिऱ्याशेजारचे, समुद्रकाठचे मुरुड आठवते. आम्ही म्हणतो आहोत ते मुरुड लातूर जिल्ह्यातले, लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. आमचे मेहुणे तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. मागच्या एका हिवाळ्यात आम्ही त्यांच्याकडे चार दिवस राहायला गेलो होतो, आणि त्याच सुमारास शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुलांना सारखे टी-शर्ट करायचे ठरत होते. छातीवर शाळेचे बोधचिन्ह आणि पाठीवर प्रत्येक मुलाचे स्वतःचे नाव. मुलांनी घरून दीडशे-दीडशे रुपये आणले होते.

गावातच छपाईचे एक छोटे दुकान आहे. दहा बाय बाराची खोली, एक संगणक, एक प्रिंटर आणि इस्त्रीच्या थोरल्या बहिणीसारखे दिसणारे एक यंत्र, ज्याला सगळे ‘हीट प्रेस’ म्हणतात. दुकानाचा मालक मेहुण्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने आधी कागदावर उलटी अक्षरे छापून दाखवली. कागदावर रंग फिकट, मातकट दिसत होते. मग तो कागद एका पांढऱ्या कापडावर ठेवून प्रेस दाबला. काट्यावर दोनशे अंश, घड्याळावर पंचेचाळीस सेकंद. कागद उचलला तर खाली अक्षरे सुलटी आणि रंग लखलखीत. हाताला काहीही लागत नव्हते, जणू कापड त्या रंगाचे विणलेलेच होते. या पद्धतीला धंद्यात ‘सब्लिमेशन प्रिंटिंग’ म्हणतात.

“पण सर,” तो मेहुण्यांना म्हणाला, “कापड पॉलिएस्टरचं घ्या. कॉटनवर ह्ये बसत नसतंय.”

इथे आम्ही तोंड घातले. मराठवाड्याच्या उन्हात पोरांच्या अंगात प्लास्टिक कशाला, ज्यांच्या घरी कापूस पिकतो त्यांच्या मुलांनी सुती सदरा घालायचा नाही तर कुणी, असे आमचे म्हणणे. आमचे संशोधन उत्प्रेरकांवरचे. कापडाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण नावामागे डॉक्टरेट असली की मत द्यायला कुणी परवानगी मागत नाही. तो मुलगा दोनदा ‘नको साहेब’ म्हणाला, मग गप्प बसला. सुती टी-शर्टांवर छपाई झाली. रंग जरा मंद वाटले, पण संमेलनाच्या दिवशी मुले खूश होती. नंतर पहिली धुणी झाली. दुसऱ्या धुण्यानंतर सातवीतली एक मुलगी शर्ट हातात घेऊन मेहुण्यांच्या दारात आली. तिच्या पाठीवरच्या नावाची फक्त एक फिकी सावली उरली होती.

दुकानदाराचा यात काहीही दोष नव्हता. दोष आमचा होता, आणि तो निस्तरण्यासाठी आम्ही जे वाचले, विचारले, करून पाहिले, त्यातून पुढचा इतिहास हाती आला. प्रश्न साधा आहे. रंग कापडात टिकतो म्हणजे नेमके काय होते? आणि एका तंतूत टिकणारा रंग दुसऱ्यात का टिकत नाही?

तगरचे कापड

या प्रश्नाचा माग काढायला मुरुडहून फार लांब जावे लागत नाही. ढोकीच्या पुढे तेर नावाचे गाव आहे. गोरोबाकाकांचे तेर म्हणून ते सर्वांना माहीत असते. हेच तेर म्हणजे प्राचीन ‘तगर’ नगर, ही ओळख जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली पटवून दिली. त्याआधी विद्वानांनी जुन्नर, देवगिरी अशी निरनिराळी ठिकाणे सुचवली होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेले ‘पेरिप्लस’ हे समुद्रव्यापाराचे मार्गदर्शक पुस्तक आहे. त्यात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे शहर असल्याचे आणि तिथून साधे कापड, तलम कापड व ‘मोलोखिना’ नावाचे कापड गाड्यांवर लादून भडोचला नेले जात असल्याचे सांगितले आहे. भडोचहून ते जहाजांत चढे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती इटलीत, इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात, १९३८ साली सापडली. व्यापाराचा धागा किती लांबवर गेला होता ते यावरून कळते. शाळेची सहल तेरला नेली तर मुलांना ही मूर्ती अवश्य दाखवावी.

‘मोलोखिना’ या शब्दाचा अर्थ लावताना अभ्यासकांची पंचाईत झाली आहे. ग्रीकमध्ये ‘मोलोखे’ म्हणजे जास्वंदीच्या कुळातली एक रानफुले देणारी वनस्पती. काहींच्या मते हे त्या फुलांसारख्या जांभळट रंगाचे कापड होते. काहींच्या मते ते त्या कुळातल्या झाडाच्या तंतूंचे कापड होते. आता गंमत पाहा. या कुळात जास्वंद येते, भेंडी येते, जिचे दोर वळतात आणि भाजी करतात ती आपली अंबाडी येते आणि खुद्द कापूसही येतो! शब्दाचा निकाल काहीही लागो, दोन हजार वर्षांपूर्वी या परिसरातून कापड जगात जात होते एवढे नक्की.

ते कापड कसे रंगवत असतील? सुती तंतू म्हणजे सेल्युलोज. त्याच्या रेणूंवर जागोजागी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात. त्यामुळे कापूस पाण्याशी सलगी करतो. पाण्यात विरघळलेला रंग त्यात सहज शिरतो आणि तितक्याच सहज धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर पडतो. रंग लावणे सोपे, टिकवणे अवघड. लोकर आणि रेशीम ही प्रथिने आहेत, त्यांना बरेचसे रंग आपणहून चिकटतात. कापसाशी मात्र रंगाऱ्यांना डोके लढवावे लागले.

नीळ हे त्यातले सर्वांत देखणे उदाहरण. निळीचा निळा रंग पाण्यात विरघळतच नाही. म्हणून रंगारी ती पिंपात आंबवत. आंबण्याच्या क्रियेत तिचे क्षपण होई आणि ती विरघळणाऱ्या, पिवळट रूपात येई. या रूपात ती धाग्याच्या आत शिरे. कापड बाहेर काढून वाऱ्यावर धरले की हवेतल्या ऑक्सिजनने ती डोळ्यांदेखत हिरवी आणि मग निळी होई. आत शिरताना विरघळणारी, आत गेल्यावर न विरघळणारी! मंजिष्ठ आणि आल यांच्या तांबड्या रंगासाठी आधी कापड तुरटीच्या पाण्यात भिजवत. तुरटीतले ॲल्युमिनियम धागा आणि रंग या दोघांना धरून ठेवी. अशा पदार्थाला रंगबंधक म्हणतात.

करडईचे उदाहरण लातूरकरांना अधिक जवळचे. करडई आज तेलासाठी पेरतात, पण एके काळी तिच्या पाकळ्यांपासून कुसुंबी रंग काढत. पाकळ्या आधी पाण्यात तुडवून पिवळा रंग टाकून द्यायचा, मग खारात लाल रंग उतरवून घ्यायचा आणि त्यात आंबट घालून तो कापडावर बसवायचा. रंग अप्रतिम, पण उन्हाने आणि साबणाने लवकर विटणारा. कारखान्यातले स्वस्त रंग आले आणि कुसुंब्याचा व्यापार संपला. करडई शेतात राहिली ती तेलबी म्हणून.

हे कारखान्यातले रंग १८५६ साली लंडनमध्ये सुरू झाले. विल्यम हेन्री पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा ईस्टरच्या सुटीत घरच्या प्रयोगशाळेत डांबरातल्या द्रव्यांपासून हिवतापावरचे क्विनीन करायला गेला आणि हाती आला जांभळा रंग. बाजारात त्याचे नाव पडले ‘मॉव्ह’. फ्रेंच भाषेत मॉव्ह म्हणजे तेच रानफूल, ज्याच्या नावाने तगरचे कापड ओळखले जाई. पर्किनचा रंग रेशमावर लगेच बसला. सुतावर मात्र बसेना! शेवटी टॅनिनचा रंगबंधक वापरून त्याला तोड काढावी लागली. सुताने पर्किनलाही दमवले हे वाचून आमच्या मनावरचे ओझे थोडे हलके झाले.

पंखांवरचा लेप

पुढची पायरी अगदी अनपेक्षित ठिकाणाहून आली. पहिल्या महायुद्धातल्या विमानांचे पंख कापडाचे असत. ते ताठ व हवाबंद राहावेत म्हणून त्यांवर सेल्युलोज ॲसिटेटचा लेप देत. कामिय आणि आंरी द्रेफ्यूस या स्विस भावांनी त्यासाठी इंग्लंडमध्ये डर्बीजवळ स्पाँडन येथे मोठा कारखाना उभारला. १९१८ साली युद्ध संपले आणि लेपाची मागणीही संपली. एवढ्या कारखान्याचे करायचे काय? भावांनी त्याच पदार्थाचे बारीक धागे काढून कृत्रिम रेशीम विकायचे ठरवले. धागा मऊ, चकचकीत, स्वस्त. पण त्याला रंगच लागेना.

कारण उघड होते. सेल्युलोजवरच्या पाणीप्रिय जागा ॲसिटेट गटांनी झाकल्या गेल्या होत्या. त्यामुळे पाण्यात विरघळणारे सुताचे रंग या धाग्याला ओळखतच नव्हते. काही वर्षे हा धंदा बुडतो की काय अशी अवस्था होती. १९२३ च्या सुमारास इंग्लंडमधल्या रसायनज्ञांनी उपाय शोधला तो आजवरच्या समजुतीच्या उलटा होता. पाण्यात जवळजवळ न विरघळणारे रंग घ्यायचे, ते अतिशय बारीक दळायचे आणि साबणासारख्या पदार्थाच्या मदतीने पाण्यात नुसते विखरून ठेवायचे. त्या पाण्यात धागा बुडवला की रंगाचे रेणू पाणी सोडून धाग्यात जातात, कारण पाण्यापेक्षा धाग्यात ते अधिक सुखाने विरघळतात. यांनाच पुढे ‘डिस्पर्स’ म्हणजे विखुरलेले रंग हे नाव मिळाले.

घन पदार्थात रंग विरघळतो हे मुलांना पटवायचे असेल तर त्यांच्या जेवणाच्या डब्याकडे बोट दाखवावे. प्लास्टिकच्या डब्यात तेलकट पिवळी भाजी ठेवली की डबा कायमचा पिवळा होतो. कितीही घासा, जात नाही. स्टीलचा डबा एका हातात स्वच्छ होतो. हळदीतला रंग पाण्यात फारसा विरघळत नाही. तेलात विरघळतो, आणि तेलातून प्लास्टिकच्या आत उतरतो. त्या डब्याला रंग ‘लागलेला’ नसतो, डबा आतून रंगलेला असतो. सब्लिमेशनची जर्सी ही त्या डब्याची सख्खी बहीण आहे.

ॲसिटेटनंतर पॉलिएस्टर आले. १९४१ साली इंग्लंडमधल्या ॲक्रिंग्टन गावी जॉन रेक्स विनफिल्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन यांनी टेरेप्थॅलिक आम्लापासून हा तंतू बनवला. ते ज्या संस्थेत काम करत तिचे नाव ‘कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन’. कॅलिको म्हणजे कालिकतचे सुती कापड! हिंदुस्थानी छपाईच्या कापडाची नक्कल करत वाढलेल्या धंद्याच्या प्रयोगशाळेतच सुताचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी जन्मला. भारतात साठच्या दशकात ठाण्याच्या कारखान्यातून ‘टेरीन’ बाहेर पडू लागले. टेरीनची पँट आणि टेरीकॉटचा सदरा ही आमच्या वडिलांच्या पिढीची चैन होती. १९८२ मध्ये रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे पॉलिएस्टरचा मोठा प्रकल्प सुरू झाला आणि ती चैन राहिली नाही.

इथे एका नावाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. १९३३ साली मुंबई विद्यापीठात रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग निघाला तो प्रामुख्याने मुंबईच्या कापडधंद्याला रंगरसायनाचे जाणकार मिळावेत म्हणून. कृष्णस्वामी वेंकटरामन यांनी १९३८ पासून तो नावारूपाला आणला. कृत्रिम रंगांच्या रसायनावरचा त्यांचा ग्रंथ १९५२ पासून खंडाखंडाने निघत गेला आणि जगभरच्या रंगरसायनज्ञांच्या टेबलावर जाऊन बसला. १९५७ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईच्या गिरण्या गेल्या, पण हा विभाग आज स्वतंत्र विद्यापीठाच्या दर्जाची संस्था आहे.

दोष हाच गुण

पॉलिएस्टरचे रेणू फार घट्ट बसलेले असतात. साध्या उकळत्या पाण्यातही डिस्पर्स रंग त्यात नीट शिरत नाहीत. म्हणून एकतर बंद भांड्यात दाबाखाली १३० अंशांपर्यंत पाणी तापवावे लागते, किंवा कापडाला रंग चोपडून, वाळवून, कोरड्या उष्णतेत दोनशे अंशांच्या आसपास न्यावे लागते. या तापमानाला रेणूंच्या साखळ्या वळवळू लागतात, त्यांच्यात क्षणभर फटी पडतात आणि रंग आत सरकतो. कापड थंड झाले की फटी मिटतात. रंग आत कोंडला जातो.

पण या कोरड्या उष्णतेत एक खोड दिसू लागली. काही रंग कापडात न शिरता वाफ होऊन उडून जात. यंत्राच्या भिंती रंगत. लाल पट्ट्याशेजारचा पांढरा पट्टा गुलाबी होई. इस्त्री केली तर सदऱ्याचा रंग खालच्या चादरीवर उमटे. कापूर उघडा ठेवला की नाहीसा होतो, आयोडीनचे खडे तापवले की जांभळी वाफ येते, तीच ही क्रिया. पाठ्यपुस्तकात तिला ‘संप्लवन’ म्हणतात. घन पदार्थ द्रव न होता थेट वायू होणे. रंग बनवणारे या खोडीने हैराण झाले. त्यांनी रंगाचे रेणू अधिक मोठे, अधिक जड करायला सुरुवात केली, म्हणजे ते सहजी उडणार नाहीत. एखादा रंग संप्लवनाला किती दाद देतो याच्या कसोट्या तयार झाल्या. जो जास्त उडेल तो वाईट रंग, असा हिशेब.

१९५७ च्या सुमारास फ्रान्समधल्या रुबे या लोकर-कापडाच्या गावी नोएल द प्लास या तंत्रज्ञाने हा हिशेब उलटा केला. रंग उडतोच आहे ना? मग तो आपल्याला हवा तिथून उडू द्यावा आणि हवा तिथे उतरवावा. उडणाऱ्या रंगांच्या शाईने कागदावर चित्र छापायचे, कागद पॉलिएस्टरवर दाबायचा आणि तापवायचे. वाफ कागद सोडते आणि समोरच्या कापडात शिरते. कागदावरचे नाजूक चित्र जसेच्या तसे कापडात उतरते, आणि कापड भिजवायची, धुवायची, वाफवायची गरजच नाही. यातून ‘सब्लिस्टॅटिक’ ही कंपनी उभी राहिली. रंगाऱ्यांनी वाईट ठरवून बाजूला टाकलेले लहान रेणूंचे रंग तिने शोधून शोधून वापरले.

शिक्षकांसाठी एक बारीक टीप. या पद्धतीचे नाव थोडे फसवे आहे. दोनशे अंशांना यातले काही रंग आधी वितळतात आणि मग त्यांची वाफ होते. ते काटेकोर अर्थाने संप्लवन नव्हे. मुद्दा आहे तो रंग वायुरूपात, पाण्याशिवाय प्रवास करतो हा.

आता आमच्या चुकीचे उत्तर एका वाक्यात देता येते. वाफ होऊन आलेला रंग पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, सुतात विरघळत नाही. सुताशी त्याचे काही नाते नाही. तो धाग्यांच्या पृष्ठभागावर नुसता बसून राहतो आणि साबण त्याला उचलून नेतो. सुताचा खरा जोडीदार त्याच सुमारास दुसरीकडे जन्मला होता. १९५६ साली, पर्किननंतर बरोबर शंभर वर्षांनी, सेल्युलोजशी रासायनिक बंध जोडणारे ‘रिॲक्टिव्ह’ रंग इंग्लंडमध्ये बाजारात आले. ते अतिशय पक्के असतात. पण त्यांना मीठ लागते, सोडा लागतो आणि न चिकटलेला रंग काढून टाकण्यासाठी भरपूर पाणी लागते.

सत्तरच्या दशकात युरोप-अमेरिकेत पॉलिएस्टरच्या विणीव कपड्यांची लाट आली आणि कागदावरून छापलेल्या कापडाचाही सुकाळ झाला. लोक पुन्हा सुती कपड्यांकडे वळले तशी ती लाट ओसरली. सुतावरही ही छपाई जमावी म्हणून तेव्हा पुष्कळ खटपट झाली, पण साध्या, न लेपलेल्या सुतावर पक्का रंग काही बसला नाही. म्हणजे मुरुडच्या पोराने आम्हाला जे दोन वाक्यांत सांगितले, ते मोठमोठ्या कंपन्यांनी पैसे घालवून शिकून घेतले होते.

त्या काळी एकेका मुलाचे नाव छापणे शक्य नव्हते. कागद छापायला कोरलेले धातूचे रूळ लागत. रूळ कोरायचा खर्च हजारो मीटर कापडावर वाटला तरच परवडे. खोलीभर जागेतल्या दुकानाला हा धंदा मोकळा केला तो इंकजेट प्रिंटरने. त्यातही सगळे प्रिंटर चालत नाहीत. काही प्रिंटर शाईचा थेंब फेकण्यासाठी तिला क्षणभर उकळवतात. उष्णतेवर चालणाऱ्या या रंगांना ते मानवत नाही. दुसऱ्या प्रकारात एक स्फटिक विजेच्या दाबाने किंचित आकार बदलतो आणि थेंब ढकलतो. हा पिझोविद्युत परिणाम झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये शोधला. सब्लिमेशनच्या दुकानांत हाच प्रकार दिसतो. रूळ नको, चौकट नको. एक नाव छापायला जो खर्च, तोच शंभर वेगवेगळ्या नावांपैकी प्रत्येकाला.

मग निवडायचे काय?

गावोगावच्या शाळांत, गणेश मंडळांत, कबड्डीच्या संघांत आता हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि तो बहुधा शिक्षकाच्याच गळ्यात पडतो. आम्ही तोंड पोळून घेतले असल्यामुळे थोडे सांगतो.

सगळ्या मुलांच्या शर्टावर एकच चित्र असेल आणि कापड सुती असेल तर जुने स्क्रीन प्रिंटिंगच बरे. चौकट एकदा करायची, खर्च सगळ्यांवर वाटला जातो. प्रत्येक शर्टावर वेगळे नाव, वेगळा क्रमांक हवा असेल तर सब्लिमेशन सोपे, पण कापड पूर्ण पॉलिएस्टरचे आणि पांढरे किंवा अगदी फिकटच लागते. या शाया पारदर्शक असतात, त्यांत पांढरा रंग नसतो. काळ्या कापडावर पिवळे अक्षर उमटणार नाही. टेरीकॉटसारख्या मिश्र कापडावर फक्त पॉलिएस्टरचा वाटा रंगतो, उरलेला धुऊन जातो. सुतावर वेगळे नाव हवेच असेल तर अलीकडे फिल्मवर छापून चिकटवण्याची पद्धत निघाली आहे. ती बसते खरी, पण कापडावर एक पापुद्रा राहतो आणि कालांतराने त्याला तडे जातात.

अंगाला काय बरे वाटेल याचाही विचार आहे. सूत हवेतली आर्द्रता वजनाच्या सुमारे साडेआठ टक्क्यांपर्यंत धरते, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. पत्र्याच्या वर्गात दिवसभर बसायला पॉलिएस्टरचा शर्ट शिक्षाच. पण तासभर कबड्डी खेळायला बारीक छिद्रांची ‘डॉट निट’ जर्सी उपयोगी पडते, कारण ती घाम पिऊन जड होत नाही आणि चटकन वाळते. म्हणजे सुताबद्दलचा आमचा आग्रह अगदीच चुकीचा नव्हता, चुकीच्या छपाईशी त्याची गाठ मारणे चुकीचे होते.

पाण्याचा हिशेब आम्हाला सर्वांत जास्त विचार करायला लावणारा वाटला. एक किलो सुती कापड रंगवून धुवायला शंभर लिटरच्या आसपास पाणी सहज जाते. सब्लिमेशनच्या दुकानात नळच लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ज्या जिल्ह्याने हे पाहिले आहे तिथे पाण्याशिवाय चालणारा छपाईचा धंदा ही लहान गोष्ट नाही. पण लगेच टाळ्या वाजवू नयेत. पॉलिएस्टर खनिज तेलापासून होते, त्याचे धागे मातीत कुजत नाहीत, प्रत्येक धुण्यात त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात, आणि वापरलेला कागद दुकानामागे साठत राहतो. आज जगातल्या एकूण तंतूंपैकी निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर आहे, कापूस एकपंचमांशाच्या आसपास. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने ‘नांदेड-४४’ सारखा संकरित वाण दिला, तो कोरडवाहू शेतकऱ्यांनी उचलून धरला. त्याच नांदेडची निजामाच्या काळातली उस्मानशाही कापडगिरणी मात्र बंद पडली. कापूस इथे पिकतो, गाठी बांधून बाहेर जातो आणि जर्सीचे कापड बाहेरून येते. मुरुडच्या दुकानदाराला हे बदलता येणार नाही. त्याने कर्ज काढून घेतलेल्या यंत्राला पॉलिएस्टरच चालते.

मेहुण्यांनी या सगळ्या प्रकरणाचा एक तास केला. दुकानदाराने बिघडलेले छापील कागद फुकट दिले. एक सुती चिंधी आणि एक पॉलिएस्टरची चिंधी शेजारी शेजारी ठेवून, खाली जुने जाड कापड अंथरून, घरच्या इस्त्रीने सर्वांत जास्त उष्णतेवर, वाफ बंद करून, कागद न हलवता मिनिटभर दाबला. इस्त्री शिक्षकाने स्वतः धरावी, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. कागद गरम असताना सरकला तर अक्षराला दुहेरी कडा येते. मग दोन्ही चिंध्या साबणाने चोळून धुतल्या. कोणती चिंधी कशाची हे मुलांना आधी सांगितले नव्हते. धुतल्यावर त्यांनी ओळखले, आणि खात्रीसाठी दोन्हींचा एकेक धागा चिमट्यात धरून जाळला. सुताची कागदासारखी राख झाली, पॉलिएस्टरचा वितळून कडक मणी झाला. एका मुलाने विचारले, “काका, मग कापूर जाळतो तेव्हा तो उडतो का जळतो?” त्यावर पुढचा सगळा तास गेला.

सुती शर्ट टाकून दिले नाहीत. चित्रकलेच्या तासाला पुठ्ठ्यात अक्षरे कापून, कापडावर चालणाऱ्या रंगाने मुलांनी आपापली नावे पुन्हा काढली. रंगाचे पैसे अर्थातच आम्ही दिले. सातवीतल्या त्या मुलीने जुन्या फिक्या सावलीवरच, तिच्या रेषेरेषेने, नवे नाव बसवले.